आठ घरं, एक पाटी

१२ जानेवारी २०२५, रविवार

ही वही मोइरा मॅडमनी दिली. इथं त्यांना नुसतं मोइरा म्हणायचं असतं, पण माझ्या तोंडून मॅडमच निघतं. त्या माझ्या सुपरवायझर. म्हणाल्या, "संघर्ष, तू हुशार आहेस की नाही ते मला अजून कळलेलं नाही, कारण तू जागेवर सापडत नाहीस. जे पाहशील ते लिहीत जा. कुठल्याही भाषेत. पण तारीख घाल."

तर तारीख घातली आहे.

परिस्थिती अशी. हाउसिंग स्टडीजच्या एमएस्सीला मी सप्टेंबरात ग्लासगोला आलो आणि नाताळपर्यंत हजेरीचे दोन इशारे कमावले. तिसरा आला की व्हिसा गेला. शिवाय २४ एप्रिलला पॅनेल आहे. तिघं जण बसून माझा विषय आणि फील्डवर्क तपासणार. पास झालो तर प्रबंध, नापास झालो तर विमान. मुक्त विद्यापीठातून सात वर्षांत बीए झालेला माणूस सरकारी शिष्यवृत्तीवर विलायतेला गेला म्हणून नागपुरात आमच्या चौकात फ्लेक्स लागला होता. फ्लेक्सवरचा मी कोटात आहे. कोट फोटोवाल्याचा.

पहिला इशारा कालव्यामुळे मिळाला. वर्गालाच निघालो होतो, मध्ये कालवा लागला. कालव्याला पाण्याच्या पायऱ्या असतात, बोट एकेक पायरी चढते, हे मला माहीतच नव्हतं. एक बोट चढेपर्यंत थांबलो. मग दुसरी आली.

आज होस्टेल सोडून शहराच्या डेनिस्टून भागात आलो. लाल दगडाची जुनी चार मजली इमारत, मधून एकच दगडी जिना, त्यावर आठ घरं. अशा जिन्याला इथं 'क्लोज' म्हणतात. माझं घर दुसऱ्या मजल्यावर डावीकडे. रूमपार्टनर वेद, लंडनजवळच्या वॉटफर्डचा, इथंच जन्मलेला मराठी पोरगा, दाताचा डॉक्टर होतोय. मला पाहून म्हणाला, "वेलकम ब्रो! तुझा बॅग केवढी मोठी आहे!" तो आठवड्यातले पाच दिवस मैत्रिणीकडे असतो. म्हणजे घर माझंच.

समोरच्या दारातून एक म्हाताऱ्या बाई बाहेर आल्या आणि चक्क मराठीत बोलल्या. डॉ. मधुमती आगाशे. भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या, आता रिटायर.

"नाव काय तुझं?"

"संघर्ष."

"वा. आणि पुढे?"

हा 'पुढे' मी शाळेपासून ओळखतो.

"गजभिये."

"अच्छा, अच्छा," त्या म्हणाल्या. मग थंडीबद्दल काहीतरी बोलून आत गेल्या.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत. सकाळी बेल वाजली होती, मी पांघरुणातून उठलो नाही. दुपारी पाहिलं तर दाराच्या मुठीला पिशवी लटकवलेली, आत गुळाच्या पोळ्या. बाईंनी हातात द्यायचं टाळलं, मुठीला अडकवून मोकळ्या झाल्या. मी एकही खाल्ली नाही. वेदनं चार खाल्ल्या. म्हणाला, "हा पोळी अमेझिंग आहे."

१९ जानेवारी, रविवार

रागात लिहितोय, अक्षर वाकडं येईल.

बाहेर पडायला दार उघडलं तर मुठीला दोरीनं एक पाटी टांगलेली. जाड पुठ्ठा, वर प्लास्टिक. त्यावर लिहिलंय: या आठवड्यात जिना धुण्याची पाळी तुमची.

आठ घरं आहेत. डॉक्टर आहे, वरच्या मजल्यावर वकील आहे. आणि जिना धुवायला सापडला कोण? आल्यापासून सात दिवसांत. आडनाव सांगितल्यापासून सात दिवसांत!

आईनं बारा वर्षं धरमपेठेतल्या एका सोसायटीचे जिने पुसले. विमानतळावर तिनं मला एकच गोष्ट सांगितली होती: "हातात पेन धरजो. फडकं नाही. मी धरलं तेवढं पुरं झालं."

पाटी टांगली कुणी तेही पाहिलं. मी दार लावतानाच समोरचं दार हळूच लागलं.

पाटी काढली आणि कपाटात शर्टांच्या खाली ठेवली. पुरावा म्हणून. योग्य वेळी बाहेर काढीन.

२२ जानेवारी, बुधवार

वेदला सांगितलं. त्याला नीट कळलं नाही.

"पण ब्रो, तुझी आडनावमध्ये काय प्रॉब्लेम आहे?"

त्याला समजावण्यात दीड तास गेला. शेवटी तो म्हणाला, "दॅट्स हॉरिबल. तू कौन्सिलला लिही. मी स्पेलिंग चेक करतो." चांगला पोरगा आहे. कौन्सिलला, म्हणजे इथल्या महापालिकेला, पत्र सुरू केलं, पण मध्येच खिडकीतून एक माणूस पलंग डोक्यावर घेऊन जाताना दिसला. तो कुठं जातोय ते बघायला मी खाली उतरलो. सहा गल्ल्या गेला. शेवटी पलंग वर चढवायला मीच हात लावला.

३० जानेवारी, गुरुवार

मोइरा मॅडमना तिसरा विषय सांगितला: बसथांबे. आधी कालवा होता, मग पडीक चर्च. त्या म्हणाल्या, "विषय की सहल?" बारा आठवडे उरलेत.

जिन्याबद्दल लिहायला हवं. चिप्सची रिकामी पाकिटं, ओली पानं, पहिल्या मजल्यावर कशाची तरी सांडलेली ग्रेव्ही. आठ दिवस तशीच. आणि हे लोक जगाला स्वच्छता शिकवतात! घरात गालिचे, आणि दाराबाहेरच्या पायऱ्या बघा. त्यांना वाटत असेल, गजभिये धुवील. बसा वाट बघत.

९ फेब्रुवारी, रविवार

बर्फावर टाकलेलं मीठ बुटांबरोबर आत येतं आणि वाळून पायऱ्यांवर पांढरा थर धरतं. त्यावर चिखल. कठड्याला हात लावला की काळा होतो. जिन्याला आता वास येतो.

तळमजल्यावर मिसेस जीन रेनी राहतात. ऐंशीच्या पुढच्या, पाठीला बाक, आवाज तोफेसारखा. आज त्या आमच्या मजल्यावर उभ्या होत्या, माझ्या दाराकडे बघत. मी आलो तर माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, "कसा आहेस, बाळ?"

"बरा आहे."

"कुणाची आठवण येते का रे?"

"आईची येते."

"येणारच," म्हणाल्या आणि डोळे पुसत खाली गेल्या. काय बाई आहे!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

रेनीबाईंनी सूप आणून दिलं. मसूर आणि गाजराचं. मीठ कमी, पण गरम. तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलानं, मिस्टर डंकननं, आज जिन्यात टोपी काढली. माझ्यासाठी! एवढ्या दिवसांत या माणसानं माझ्याकडे पाहिलंही नव्हतं.

संशय येतोय. पाटी मी उतरवली म्हणून हे लोक घाबरले असावेत. आता गोड बोलून काम काढायचा विचार आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पुन्हा सूप. या वेळी डंकनच्या बायकोचं. सोबत पाय, म्हणजे आत मटण भरून भाजलेली जाड कचोरी. दारात पांढऱ्या फुलांचा गुच्छ, नाव नाही. व्हॅलेंटाइन तर होऊन गेला. वेद म्हणतो, "ब्रो, कोणतरी तुझ्यावर लव्ह करते." मला पाचव्या मजल्यावरची… पण पाचवा मजला नाही.

आगाशेबाईंनी दारात अडवलं. "घरी सगळं ठीक ना रे?"

"ठीक आहे," मी म्हटलं, आणि त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं. त्यांनी मान खाली घातली. बघा, आता मान खाली जाते.

पॅनेलला नऊ आठवडे. बसथांब्यांवर सत्तावीस पानं लिहिली, पण ती सगळी थांब्यावर बसलेल्या माणसांबद्दल आहेत. थांब्याबद्दल अर्धं पान.

१ मार्च, शनिवार

एका दिवसात मी अख्खा उलटापालटा झालो. क्रमानं लिहितो.

दुपारी जिन्यात आवाज झाला. बाहेर आलो तर आगाशेबाई चार पायऱ्या खाली बसलेल्या, मनगट धरून. चिखलावरून पाय सटकला होता. मी त्यांना उचलून त्यांच्या घरात नेलं. पहिल्यांदाच त्यांच्या उंबऱ्याच्या आत गेलो. त्यांनी स्वतःच मनगट चाचपलं. "मोडलेलं नाही. फ्रीजरमध्ये मटार आहेत, आण."

मटाराची पिशवी मनगटाला बांधत मी म्हटलं, "एवढे शिकलेले लोक राहतात, आणि जिना कुणी धुवत नाही."

त्या म्हणाल्या, "कसा धुणार? पाटी थांबलीय ना."

"म्हणजे?"

"पाटी फिरते. आठ घरं, आठ आठवडे. ज्याच्या दारावर पाटी त्यानं रविवारी जिना धुवायचा आणि पाटी पुढच्या दाराला अडकवायची. माझा झाला, मी तुझ्या दाराला अडकवली. तुझ्यानंतर डंकन."

"डंकन वकील?"

"मग काय डंकन राजा? गुडघ्याला पॅड बांधून धुतो."

माझे कान गरम झाले. "पण मग… कुणी विचारलं का नाही मला?"

"विचारत नाहीत. पाटी एखाद्या दारात थांबली की समजायचं, त्या घरात काहीतरी झालंय. जीनचा नवरा गेला तेव्हा पाच आठवडे पाटी तिच्याकडे होती. कुणी मागायला गेलं नाही, कुणी परस्पर जिना धुतला नाही. परस्पर धुणं म्हणजे तिला सांगणं, की तुझं रडणं पुरे झालं. थांबायचं असतं. सूप न्यायचं असतं." मग त्या हळूच म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, तुझी आई गेली."

सूप. पाय. पांढरी फुलं. टोपी.

मग सगळं सांगितलं. 'पुढे?' पासून शर्टांच्या खालच्या पाटीपर्यंत. आईचं द्रौपदी हे नाव, तिची बारा वर्षं, तेही. त्या ऐकत राहिल्या. मटार वितळून पाणी गालिच्यावर टपकत होतं.

"त्या दिवशी 'पुढे' का विचारलंत तुम्ही?"

"सवय," त्या म्हणाल्या. "वाईट सवय. पन्नास वर्षं इथं राहूनही गेली नाही. तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही." मग म्हणाल्या, "मी पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या दारालाही हीच पाटी लागली होती. माहेरी कधी केर काढला नव्हता मी. वाटलं, आपण काळ्या म्हणून लावली. नवरा ड्यूटीवर, मी दार बंद करून रडत बसले. जीननं दुसऱ्या दिवशी बादली आणून दिली आणि म्हणाली, रडून पायऱ्या भिजत नाहीत."

मला हसू आलं. बाईंनाही आलं. पण मनगट हललं की त्या कळवळत होत्या, आणि ते मनगट माझ्यामुळे दुखत होतं.

२ मार्च, रविवार

धुतला.

सोपं नव्हतं. आधी रेनीबाईंकडे पाटी घेऊन गेलो आणि खरं सांगून टाकलं. माझी आई जिवंत आहे, ठणठणीत आहे. त्यांनी दाराचा आधार घेतला. मला वाटलं रडतात, हसत होत्या. "सहा आठवडे!" ओरडल्या, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं. "माझा म्हातारा मेला तरी पाचच थांबली होती! आणि तू माझी दोन सुपं प्यालास!"

"एक," मी म्हटलं. "दुसरं मिसेस डंकनचं होतं."

"मग माझं एक देणं आहेस."

बादली, ब्रश, फडकं त्यांनीच दिलं. वर आलो. पाणी गरम होतं, साबण होता, सगळं होतं, आणि मी जिन्यात नुसता उभा राहिलो. पंधरा मिनिटं तरी. फडकं हातात घेतलं की आईच दिसायची. धरमपेठेत कुणाची पाळी नव्हती. रोज तिचीच पाळी होती.

मग डंकन वरून उतरला. थांबला, बादलीकडे बघितलं, म्हणाला, "कोपऱ्यात मीठ साचतं. मला नेहमी चाकू लागतो." आणि वर जाऊन खरंच एक बोथट चाकू घेऊन आला. मी चाकू घेतला. नुसता उभा राहिलो तर परत द्यावा लागला असता. सुरुवात केली.

दोन तास चाळीस मिनिटं. संध्याकाळी पाटी डंकनच्या दाराला अडकवली. आईला फोनवर काही सांगितलं नाही.

५ मार्च, बुधवार

मोइरा मॅडमसमोर हात हलवत गेलो. म्हटलं, "बसथांबे जमत नाहीत. आणि सोमवारची मीटिंग चुकली, कारण जिना धुऊन पाठ धरली होती." कसला जिना, त्यांनी विचारलं. सांगितलं. नेहमी त्या घड्याळाकडे बघतात, आज पेन खाली ठेवलं.

"हे सगळं कुठं लिहिलंयस?"

"वहीत."

"तारखा आहेत?"

"तुम्हीच म्हणाला होतात."

त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. "पाटी असलेले जिने आणि कंपनी धुते ते जिने. किती पाहू शकशील सात आठवड्यांत?"

"किती पाहिजेत?" मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी भटकायला परवानगी देत होतं.

२१ मार्च, शुक्रवार

तेवीस जिने झाले. पद्धत माझी मीच काढली: बेल दाबायची, स्वतःचा मूर्खपणा सांगायचा. मी पाटी सहा आठवडे लपवली, असं म्हटलं की माणूस दार पूर्ण उघडतो. प्रश्नावलीला कुणी उत्तर देत नाही. वेड्याला सगळे शहाणपण शिकवतात.

एका आजोबांनी कबुतरं दाखवली. शर्यतीची. दोन तास गेले, पण शेवटी ते म्हणाले, की त्यांच्या जिन्यात पाटी दोनदा थांबली होती, एकदा मरणासाठी, एकदा जुळ्यांसाठी. कबुतरं पाहिली नसती तर जुळी कळली नसती.

वर्ग एकही चुकवलेला नाही. वेद सकाळी मैत्रिणीकडून फोन करतो, "ब्रो, उठला? तुझी हजेरी माझा जबाबदारी आहे."

८ एप्रिल, मंगळवार

एकसष्ट जिने. चौदांत पाटी आहे, सत्तेचाळीसांत सफाई कंपनी. पाटीच्या चौदांपैकी नऊ जिन्यांत लोकांनी पाटी थांबल्याची गोष्ट सांगितली. कंपनीचे जिने आपल्यापेक्षा चकचकीत असतात. पण तिथं एका बाईंनी सांगितलं, शेजारच्याचं निधन झालेलं तिला वर्तमानपत्रात वाचून कळलं. भिंतीला भिंत लागून घर.

ते ऐकल्यावर मी तिच्या जिन्यात बसलो थोडा वेळ. कुणी आलं नाही.

भीती वाटतेय. इंग्रजीत पंचवीस मिनिटं बोलायचंय. आगाशेबाई रोज समोर बसवून वदवून घेतात. "हात किती हलवतोस! पेशंट असतास तर आधी बांधलं असतं तुला."

२४ एप्रिल, गुरुवार

कोट घातला. वेदच्या वडिलांचा, वॉटफर्डहून पोस्टानं आला. बाह्या लांब.

तिघं जण. मोइरा मॅडम, एक हसऱ्या बाई आणि डॉ. प्रेंटिस. प्रेंटिस म्हणजे पूर्ण टक्कल, पूर्ण गंभीर. माझं बोलून झालं तेव्हा त्यांनी एकच कागद माझ्याकडे सरकवला. माझाच तक्ता.

"पाटी असलेल्या घरांत माणसं एकमेकांची खबर ठेवतात, असं तुम्ही म्हणता. पण कदाचित तिथं मुळातच तशी माणसं राहत असतील. पाटी हा योगायोग. पाटीमुळेच हे घडतं हे तुम्हाला कसं माहीत?"

मॅडमनी डोळे मिटले. या प्रश्नाचं उत्तर आमच्या तयारीत नव्हतं. मग एकदम लक्षात आलं, की उत्तर माझ्याकडे आहे, जगात बहुतेक फक्त माझ्याकडेच आहे.

"सर, कारण त्याच माणसांमधून मी पाटी काढून घेतली. सहा आठवडे. माणसं तीच होती."

वही उघडली. तारखेसकट वाचत गेलो, इंग्रजी करत. ३० जानेवारी, ग्रेव्ही, आठ दिवस. ९ फेब्रुवारी, मीठ, वास. एकोणीसला दुसरं सूप, पाय, फुलं. लिहिताना मला काही माहीत नव्हतं, म्हणून मी काही लपवलेलंही नाही, हे मी सांगितलं. "याच आठ घरांनी इतकी वर्षं जिना चुकवला नव्हता, आणि एका पुठ्ठ्याशिवाय एकानंही फडकं उचललं नाही. पण त्याच एका पुठ्ठ्यामुळे एकाच्याही ओळखीच्या नसलेल्या माणसासाठी त्यांनी सुतक पाळलं."

"सहा आठवड्यांत कुणी येऊन विचारलं नाही?"

"नाही सर. सूप आणलं."

हसऱ्या बाईंनी तोंडावर फाइल धरली. प्रेंटिस मात्र गंभीरच. "अशा प्रयोगाला एथिक्स कमिटीची परवानगी लागते. घेतली होती?"

"नाही सर. मी रागावलो होतो."

आणि तो टकला माणूस हसला! खो खो नाही, नाकातून, पण हसला. मग विचारलं, "कशाचा राग?" मी तेही सांगितलं. सरळ, न अडखळता: आई, बारा वर्षं, धरमपेठ, 'पुढे?'. हात एकदाही हलला नाही. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "हे तुमच्या पहिल्या पानावर का नाही? पाटी वाचणारा कोण आहे, यावर पाटीचा अर्थ ठरतो. हाच तुमचा प्रबंध आहे."

बाहेर वीस मिनिटं बसवलं. मग मॅडम आल्या आणि त्यांनी मला मिठी मारली, इथल्या बाईनं, ऑफिसच्या वेळेत. पास. नुसता पास नाही, तिघांचं एकमत. हजेरीचे इशारेही पुसले जाणार.

क्लाइड नदीच्या काठानं पळत गेलो. अक्षरशः पळत, कोटाच्या बाह्या फडफडत. पुलावर एका अनोळखी माणसाला सांगितलं, "मी पास झालो!" तो म्हणाला, "शाबास, पोरा," आणि त्याच्या पाकिटातली एक चिप दिली.

आईला फोन केला. "जय भीम आई, पास!" पलीकडे तिनं ओरडून सगळ्या चाळीला सांगितलं ते इथं ऐकू आलं. मग म्हणाली, "विषय कोणता होता तुहा?"

"घरांचा," म्हटलं. एवढंच.

२७ एप्रिल, रविवार

आज पुन्हा माझी पाळी. खालून दुसऱ्या मजल्यापर्यंत आलो होतो तेवढ्यात फोन वाजला. व्हिडिओ कॉल, आई. ओल्या हातानं घाईत उचलला, आणि फोन धरला तो नेमका फडक्याच्या हातात.

"काय करून राहिला रे?"

"काही नाही."

"हातात काय हाय तुह्या?"

आता काय सांगणार? जिन्यातच बसलो आणि सगळं सांगितलं. फोन अडकला की काय असं वाटलं, पण तिच्या मागं पंखा फिरत होता.

मग म्हणाली, "सगळ्यायची पाळी येते?"

"सगळ्यांची."

"डॉक्टरीणबाईची बी?"

समोरचं दार उघडंच होतं. आगाशेबाई बाहेर आल्या, फोनसमोर वाकल्या. "नमस्कार द्रौपदीताई. मागच्या रविवारी मीच धुतला. दोन दिवस गुडघे धरले होते."

आईनं बाईंकडे पाहिलं. मग मला म्हणाली, "फोन पायऱ्यायवर फिरव."

फिरवला.

"कोण्या शहाण्यानं खालून सुरू केलं? वरून खाली येत जा! वरचं मळकं पाणी धुतलेल्यावर येते ना, गधड्या. आन् कोपरे? डॉक्टरीणबाई, हे कोपरे तुमचे मागच्या हप्त्यातले दिसतात."

"माझेच," आगाशेबाई म्हणाल्या. "चाकूनं निघत नाहीत हो."

"चाकू नका लावू, दगड खरवडते. जुना टूथब्रश घ्या, सोडा टाका. आन् गुडघे कायले टेकता? पायरीवर बसा, बसल्या बसल्या एकेक पायरी खाली उतरा. बारा वर्षं केलं म्या, एक दिवस गुडघा दुखला नाही."

आगाशेबाई आत गेल्या आणि टूथब्रश, सोडा घेऊन आल्या. गडबड ऐकून रेनीबाई खालून ओरडल्या, कोण आहे? म्हटलं, माझी आई. "जिवंत?" त्यांनी विचारलं आणि कठडा धरून वर यायला लागल्या. मी मधे बसून दोन्हीकडचं भाषांतर करत होतो. रेनीबाईंना सोड्याचं पटत नव्हतं. आई म्हणाली, त्यांना एक पायरी सोड्यानं आणि एक बिनसोड्याची करून दाखव. दोन्ही मीच घासल्या. रेनीबाई बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "साठ वर्षं मी चुकीचं करत होते."

आईला सांगितलं. ती हसली. मी तिला जिन्याबद्दल हसताना कधी पाहिलं नव्हतं.

दोन तास चाळीस मिनिटांचा जिना सव्वा तासात झाला. पाटी डंकनच्या दाराला अडकवून आलो तरी आई फोनवरच होती, भाजी निवडत.

"आता कोणाची पाळी?"

"वरच्या वकिलाची. पुढच्या रविवारी."

"बरं," आई म्हणाली. "मग रविवारी याच टायमाले फोन लावजो. वकील कसा पुसते ते पाहाचं हाय मले."